पोटासाठी परमुलखात, म्हणून मताला मुकायचे?

म्हसवडला श्री सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. माणदेशी माणूस पोटापाण्यासाठी कुठेही गेलेला असो, या दिवसाकडे त्याचे डोळे लागलेले असतात. सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे आपले गलाई व्यावसायिक केरळ-तामिळनाडूपासून बंगाल-आसामपर्यंतच्या सराफ पेठांतून विखुरले आहेत. ज्यांना वर्षातून एकदाच गावी येणे परवडते, ते बहुधा दिवाळी तरी गाठतात, नाहीतर रथ तरी. २०२४ मध्ये रथाचा दिवस २ डिसेंबरला आला. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले होते. म्हणजे बारा दिवस आधीच पेट्या बंद! त्याआधीच्या, २०१९ च्या विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले आणि लक्ष्मीपूजन होते २७ ऑक्टोबरला. तेव्हा सहा दिवसांनी हुकले. त्या निवडणुकीत माण मतदारसंघाचा निकाल तीन हजारांच्या आसपास मतांनी लागला, हे ज्यांच्या लक्षात असेल त्यांना या सहा दिवसांची किंमत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर शहाणे लोक म्हणतील, मतदानाचे महत्त्व वाटत असेल तर माणसाने यावे गावी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ख ने मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटीही दिली आहे. दिली आहे, खरे. पण गुवाहाटीहून म्हसवडला यायला आणि परत जायला किती दिवस लागतात, याचा हिशेब त्या कलमात नाही. सराफ पेठेतल्या बोळात भट्टी लावून बसलेल्या माणसाला आठवडाभर दुकान बंद ठेवणे म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवणे. हातावर पोट असलेल्या कारागिराला आपला घटनादत्त हक्क बजावण्यासाठी असा दंड भरावा लागत असेल, तर त्या हक्काला प्रौढ मताधिकार म्हणायचे की सुस्थितांचा मताधिकार?

टपाली मतदान ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तिची तरतूद आहे. सैन्यदलांतील जवान, निमलष्करी दले, राज्याबाहेर नेमलेले सशस्त्र पोलीस, परदेशातील वकिलातींत काम करणारे सरकारी कर्मचारी, निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक-कारकून या सर्वांना टपालाने मत देता येते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलून ऐंशी वर्षांवरील वृद्ध आणि अपंग मतदार यांना घरबसल्या मताची सोय झाली. २०२४ मध्ये वयाची ती अट पंच्याऐंशीवर नेण्यात आली. अत्यावश्यक सेवेतील लोकांनाही ही मुभा आहे, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने वार्तांकनासाठी अधिकृत पत्र मिळालेल्या पत्रकारांनाही त्या यादीत बसवले. आम्हा पत्रकारांची सेवा एवढी अत्यावश्यक ठरली याचा आनंद मानावा की संकोच वाटून घ्यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

परंतु या यादीतील सर्वांत बोलके नाव वेगळेच आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली सरकारने ज्याला कोठडीत ठेवले आहे, त्यालाही टपालाने मत देण्याचा अधिकार आहे. तो असायलाच हवा. ज्या पिढीने आणीबाणी पाहिली, मिसाखाली घरातली कर्ती माणसे येरवड्यात आणि नाशिकरोडला गेलेली पाहिली, तिला स्थानबद्धाच्या मताचे मोल ठाऊक आहे. पण मग प्रश्न असा उरतो की, ज्याच्यापासून सुव्यवस्थेला धोका आहे असे स्वतः सरकारच म्हणते त्याच्या दारात मतपत्रिका जाते, आणि ज्याने आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, जो कर भरतो, गावातल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला पैसे पाठवतो, त्या गलाईवाल्याला मात्र कायदा सांगतो, ‘इकडे ये, नाहीतर मत विसर’. हा न्याय कोणता?

<b>जवानांचे मत कसे मिळाले</b>

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंग्याला उगाच ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणत नाहीत. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, त्यामागेही ही परंपराच होती. तेव्हा जवानांच्या मताची कथा या भागातील वाचकाने मुद्दाम समजून घेतली पाहिजे. सरकारी यंत्रणा आपणहून हालत नाही, न्यायालयाचे दार ठोठावावे लागते, हा धडा त्या कथेत आहे.

कागदोपत्री जवानाला टपाली मत पहिल्यापासूनच होते. प्रत्यक्षात काय होत असे? उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपली की मतपत्रिका छापायच्या, त्या सैन्याच्या अभिलेख कार्यालयांमार्फत पलटणींकडे रवाना करायच्या, तिथून त्या चौक्यांवर जायच्या, आणि खूण करून परत मतमोजणीपूर्वी जिल्ह्याच्या गावी यायच्या. हे सारे दोन-तीन आठवड्यांत! पाकीट जवानाच्या हाती पडेपर्यंत इकडे विजयी उमेदवाराची मिरवणूक निघालेली असे. वाजपेयी सरकारने २००३ मध्ये कायदा दुरुस्त करून जवानाला गावातील विश्वासू माणसामार्फत मत नोंदवण्याचा पर्याय दिला. तो उपयुक्त होता, पण दुसऱ्याच्या हाताने दिलेले मत ते दुसऱ्याच्याच हाताने दिलेले. शांतताकाळातील ठाण्यावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या सैनिकाला तिथला सामान्य मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर आयोगाच्या अटी आडव्या येत.

अखेर वकील नीला गोखले यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१४ च्या मार्चमध्ये, लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना, न्यायालयाने शांतता ठाण्यांवरील सैनिकांना तेथील सामान्य मतदार म्हणून नोंदणी करू देण्याचा आदेश दिला. त्यानंतर यंत्रणा जागी झाली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले आणि कोरी मतपत्रिका संगणकावरून थेट पलटणीपर्यंत पाठवण्याची पद्धत सुरू झाली. जाताना ती तारेने जाते, येताना मात्र कागदानेच येते. जवान ती छापून घेतो, खूण करतो, घोषणापत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करतो आणि पाकीट विनामूल्य टपालाने परत पाठवतो. मोजणीच्या वेळी पाकिटावरील सांकेतिक चौकट यंत्राने तपासली जाते, त्यामुळे एका जवानाची दोन पाकिटे खपत नाहीत.

परिणाम काय झाला, तेही पाहा. आयोगाच्याच आकडेवारीनुसार २०१४ मध्ये नोंदलेल्या सैनिक मतदारांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची मते पोहोचली होती. २०१९ मध्ये १८ लाख २ हजार ६४६ मतपत्रिका पाठवल्या गेल्या आणि १० लाख ८४ हजार २६६ परत आल्या. म्हणजे ६० टक्क्यांहून अधिक! जवान तेच, त्यांचे देशप्रेम तेच, निवडणुकीतील त्यांचा रसही तोच. बदलली ती फक्त पद्धत. ‘लोकांनाच मतदानाची आस्था नाही’ असे दिवाणखान्यात बसून म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

अर्थात जवानांच्या बाबतीतही सारे आलबेल नाही. नियम असा आहे की, मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंत पोहोचलेलेच पाकीट उघडायचे. सकाळी आठला मोजणी असेल तर आठ वाजून पाच मिनिटांनी आलेले पाकीट बंदच राहते. २०२४ च्या विधानसभेला माघारीची मुदत ४ नोव्हेंबर, मतदान २० ला आणि मोजणी २३ ला. एकोणीस दिवसांत मतपत्रिका लडाखच्या चौकीवर जाऊन, नोव्हेंबरच्या बर्फातून उतरून साताऱ्याला पोहोचायची! लोकसभेला माढा, सातारा, सांगली या तिन्ही ठिकाणी ७ मे रोजी मतदान झाले आणि मोजणी ४ जूनला. तिथे जवानाला महिना मिळाला. विधानसभेचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना सीमेवरचे टपाल आठवत नाही काय? त्याच विधानसभेत साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला. उशिरा आलेली किती पाकिटे अशा निकालांच्या काठावर पडून राहत असतील?

आणि टपाली मताचे वजन किती असते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी २०२४ चा वायव्य मुंबईचा निकाल काढावा. मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. एका मताचे अंतर! टपाली मते मिळवली तेव्हा वायकर ४८ मतांनी विजयी झाले. त्यावरून निवडणूक याचिकाही झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. लाखांच्या मतदारसंघाचा खासदार काही पाकिटांनी ठरला, हे विसरता येण्यासारखे नाही.

हा झगडा केवळ आपलाच नाही. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना रणांगणावरील सैनिकांनी मत द्यावे की नाही यावर रण माजले होते. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये छावणीतील मतदान घटनाबाह्य ठरवले. तेथील लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी १८६४ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त केली आणि त्याच वर्षी लिंकनच्या निवडणुकीत सैनिकांनी मत दिले. आज त्याच देशात राज्याराज्यांनी टपाली मतावर घातलेल्या अटींवरून आणि दिलेल्या सवलतींवरून खटल्यांचा पाऊस पडतो आहे. मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेले, पण नंतर पोहोचलेले पाकीट मोजावे की नाही, हा मिसिसिपी राज्यातला वाद २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेतला. तिथे भांडण पाकिटाच्या तारखेवरून आहे. इथे आपल्या कोट्यवधी माणसांच्या हाती पाकीटच नाही.

<b>न्यायालयात आश्वासन, बैठकीत बहिष्कार</b>

परदेशस्थ भारतीयांना २०१० च्या कायदा दुरुस्तीने मतदारयादीत नाव घालता येऊ लागले. अट एकच: मतदानाच्या दिवशी गावी प्रत्यक्ष हजर राहा! दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी कुटुंबाने एका मतासाठी विमानाची तिकिटे काढावीत, अशी ही उदारता. याविरुद्ध नागेंदर चिंदम, डॉ. शमशीर व्ही. पी. अशांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या. आयोगाच्या समितीने २०१४ मध्ये प्रतिनिधीमार्फत आणि संगणकीय टपाली मतदानाची शिफारस केली, सरकारने ती तत्त्वतः मान्य केली, २०१७ मध्ये विधेयक आले, ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने ते संमतही केले. राज्यसभेत ते पडून राहिले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. पुढच्या पाच वर्षांत ते पुन्हा मांडले गेले नाही. परिणामी २०२४ च्या लोकसभेला नोंदलेल्या १ लाख १९ हजार ३७४ परदेशस्थ मतदारांपैकी मत दिले २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. उरलेल्या अवघ्या भारताच्या वाट्याला २८८. परदेशातील भारतीयांच्या सभांना स्टेडियम अपुरी पडतात, त्यांच्या पराक्रमाचा आपण अभिमान बाळगतो. त्या अभिमानाचा मतपेटीतील अनुवाद २८८ इतकाच व्हावा, याबद्दल आपल्याच सरकारला जाब विचारायला आपण का कचरावे? बहुमत हाताशी असताना हे विधेयक मागे पडले, हे सत्य आहे आणि ते आपल्यांनीच बोलून दाखवले पाहिजे.

देशांतर्गत स्थलांतरितांची गोष्ट अधिक दुःखद आहे. त्यांच्याही मताची मागणी याच याचिकांबरोबर न्यायालयापुढे होती. १ नोव्हेंबर २०२२ रोजी महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयाला आश्वासन दिले की, परदेशस्थ आणि देशातील स्थलांतरित मजूर या दोघांनाही मत देता यावे यासाठी सरकार मार्ग काढत आहे. न्यायालयाने त्या शब्दावर विसंबून याचिका निकाली काढल्या. दोन महिन्यांच्या आत, २९ डिसेंबरला, आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली. एकाच यंत्रावरून बहात्तर मतदारसंघांचे मतदान घेता येईल असा नमुना तयार होता. जिथे काम करता तिथल्या केंद्रावर जा, आपल्या गावचे उमेदवार पाहा आणि बटण दाबा! माणदेशी गलाईवाल्याला याहून वेगळे काय हवे होते?

१६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांना प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी दिल्लीत बोलावले. विरोधी पक्षांनी यंत्र पाहण्यासही नकार दिला! यंत्रात दोष असेल तर तो पाहून दाखवावा, पण पाहायचेच नाही हा कुठला पवित्रा? जे पक्ष श्रमिकांच्या नावाने गळा काढतात, २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांची छायाचित्रे ज्यांनी व्यासपीठावर मिरवली, त्यांनीच त्या मजुरांच्या मताचे यंत्र डब्यात बंद करवले. आयोगानेही मग ते पुढे रेटले नाही. न्यायालयात दिलेल्या आश्वासनाचे काय झाले, हे विचारायला न्यायालयात तेव्हा कुणी उरलेच नव्हते, कारण याचिका निकाली निघालेल्या होत्या.

वृद्धांच्या घरबसल्या मतालाही याच मंडळींनी कोर्टात आव्हान दिले होते. द्रमुकची याचिका मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये फेटाळली. ज्यांना केंद्रावर येणे शक्य नाही त्यांना सामावून घेण्यात गैर काहीच नाही, हाच त्या निकालाचा आशय होता. ऐंशी वर्षांच्या आजीला मतासाठी उन्हात रांगेत उभे न करणे हा लोकशाहीवरील घाला कसा ठरतो, हे कळण्याइतकी माझी बुद्धी तीक्ष्ण नाही.

<b>आक्षेप आणि त्यांचे उत्तर</b>

तरीही सर्वच आक्षेप लबाडीचे नसतात. गुप्ततेचा आक्षेप खरा आहे आणि तो आपणच प्रथम मांडायला हवा. ऊसतोडणीच्या टोळीला मुकादमाने उचल दिलेली असते. कारखान्याच्या तळावर पाल ठोकून राहणाऱ्या त्या जोडप्याच्या हाती उद्या टपालाने मतपत्रिका आली, तर खूण कोण करील? मुकादम. पाकीट कोण चिकटवील? तोही मुकादमच. वृद्धाच्या बाबतीत मुलगा, सुनेच्या बाबतीत सासरा. म्हणून घरपोच पाकिटाचा सरसकट पुरस्कार मी करणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलून निवडणूक कर्मचाऱ्यांनी टपाली मतपत्रिका दिवसेंदिवस जवळ न बाळगता सुविधा केंद्रावरच खूण करून टाकावी, असे ठरले. हा निर्बंध योग्यच आहे. मतपत्रिका कितीही लांबचा प्रवास करो, तिच्यावर खूण मात्र आडोशामागे, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि एकट्यानेच झाली पाहिजे. निर्बंध ‘कसे’ यावर असावा, ‘कोणी’ यावर नसावा. आपल्या कायद्याने नेमके उलटे करून ठेवले आहे.

आणि गुप्ततेची एवढी काळजी असणाऱ्यांनी आजची स्थिती काय आहे, हेही पाहावे. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबई-पुण्याहून गावाकडे गाड्या सुटतात, त्या कोणाच्या खर्चाने? मतदारांची फुकट वाहतूक हा कलम १२३(५) खाली भ्रष्टाचार आहे. हे प्रत्येक उमेदवाराला पाठ असते आणि प्रत्येक तालुक्यात ते घडते. ज्याच्या गाडीत बसून आलो, ज्याच्या पंगतीत जेवलो, त्याच्या चिन्हासमोरचे बटण न दाबण्याइतके धैर्य सर्वांनाच कुठून येणार? टपाली मत नाकारल्याने दबाव टळत नाही. तो फक्त गाडीत बसून गावात येतो.

दुसरा आक्षेप असा की, जिथे राहता तिथेच नाव नोंदवा. कायदा ‘सर्वसाधारण निवासी’ असा शब्द वापरतो. त्याच कायद्याच्या कलम २०(१क) मध्ये असेही आहे की, तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे गावचे निवासीपण संपत नाही. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कृष्णाकाठी, कोकणात उतरणारा आणि पावसाच्या तोंडावर परतणारा माणचा धनगर ७ मे रोजी कुठला निवासी असतो? ज्या शेतात आज वाडा बसला त्या शेताचा? गलाई कारागीर दोन वर्षे एका पेठेत, तीन वर्षे दुसऱ्या पेठेत असतो. त्याचे आई-वडील, जमीन, शिधापत्रिका, पाण्याचा प्रश्न सारे म्हसवडला आहे. माणगंगेत पाणी कधी खळाळणार, हा त्याच्या मताचा विषय आहे. कोइमतूरच्या नगरसेवकाशी त्याला काय देणे-घेणे?

मतदारयाद्यांचे शुद्धीकरण झालेच पाहिजे. दुबार, मृत आणि घुसखोर नावे काढलीच पाहिजेत, याविषयी आपल्यात दुमत असण्याचे कारण नाही. पण बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल फेरतपासणीत प्रारूप यादीतून जी सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, त्यांतली सुमारे ३६ लाख स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेल्यांची होती. त्यांतले कायमचे गेलेले किती आणि पोटासाठी हंगामी बाहेर पडलेले किती? जो गावच्या यादीतून ‘गेला’ म्हणून निघाला आणि परगावच्या यादीत अजून ‘आला’ नाही, तो भारतीय असून मतदार म्हणून कुठलाच उरत नाही. याद्या जितक्या कडक होतील, तितकी बाहेरगावच्या खऱ्या मतदारासाठी सोय करण्याची जबाबदारी वाढते. तिसरा, आचारसंहितेचा आक्षेप तर हास्यास्पदच. जिथे निवडणूकच नाही अशा राज्यात दूरस्थ केंद्राभोवती आचारसंहिता कशी लावणार, असे विचारतात. केंद्राच्या आवारापुरती लावा! जवानांच्या छावणीत कोण प्रचार करतो?

न्यायालयांची भूमिका मात्र आपण नीट ओळखून असावे. मतदानाचा हक्क हा मूलभूत नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ पासून सांगितले आहे आणि १९८२ मध्ये ज्योती बसू खटल्यात ते ठासून म्हटले. म्हणून केवळ ‘माझा हक्क हिरावला’ एवढ्यावर याचिका टिकणे कठीण. टिकेल ती समानतेच्या आधारावर. टपाली मताचा दरवाजा काहींना उघडलाच आहे, तर इतरांना बंद का, याचे सयुक्तिक कारण सरकारने आणि आयोगाने द्यावे, असे विचारले पाहिजे.

आणि हा दरवाजा उघडायला संसदेचीही गरज नाही. १९५१ च्या कायद्याच्या कलम ६०(ग) नुसार आयोग सरकारशी विचारविनिमय करून एखादा वर्ग अधिसूचित करू शकतो आणि त्या वर्गाला टपाली मत मिळते. काश्मीर खोऱ्यातून १९९० मध्ये जिहादी दहशतीने हुसकावलेल्या आपल्या हिंदू बांधवांना १९९६ पासून जम्मू, उधमपूर, दिल्लीत राहून श्रीनगर, अनंतनागसाठी मत देता आले, ते आयोगाने त्यांच्यासाठी केलेल्या अशाच खास व्यवस्थेने. वृद्धांची सोयही याच कलमाखाली झाली. ज्या कलमाने निर्वासिताला त्याच्या गावाशी जोडून ठेवले, ते कलम दुष्काळाने बाहेर काढलेल्याला का लागू होऊ नये? धर्मांधांनी हाकलले काय आणि १९७२ च्या दुष्काळाने हाकलले काय, घराला कुलूप लागायचे ते लागलेच.

व्यवस्था अवघड नाही. निवडणूक जाहीर होताच बाहेरगावच्या मतदाराने ठराविक मुदतीत अर्ज करावा. गावच्या यादीत त्याच्या नावापुढे टपाली मताची खूण पडावी, म्हणजे केंद्रावर त्याच्या नावाने दुसरे मत पडणार नाही. जवानाला जशी संगणकावरून मतपत्रिका जाते तशी ती त्याच्या कामाच्या जिल्ह्यातील सुविधा केंद्रावर जावी, तिथे ओळख पटवून तिची छापील प्रत त्याला मिळावी, आडोशामागे खूण व्हावी आणि पाकीट सरकारी टपालाने म्हसवडच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे यावे. ऊसतोड टोळ्यांसाठी असे केंद्र कारखान्याजवळच्या तहसील कचेरीत, मुकादमाच्या पालापासून दूर. २०२४ मध्ये गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले आणि मतदान २० ला होते, म्हणजे ही कल्पनेतली अडचण नव्हे.

काम कोणी करायचे? गलाई व्यावसायिकांच्या संघटना शहरोशहरी आहेत, गणेशोत्सव आणि शिवजयंती त्या थाटाने करतात. आपल्या सभासदांपैकी गावच्या यादीत किती जणांची नावे आहेत आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत त्यांपैकी किती जण गावी जाऊ शकले, एवढीच नोंद त्यांनी प्रतिज्ञापत्रासह गोळा करावी. पेठांमधून असे हजार-दोन हजार कागद जमले, तर तो पुरावा होईल. त्यावर प्रथम आयोगाकडे कलम ६०(ग) खाली निवेदन, आणि ठराविक मुदतीत उत्तर न आल्यास मुंबई उच्च न्यायालयात याचिका. त्या याचिकेत २०२२ च्या नोव्हेंबरात महान्यायवादींनी दिलेला शब्द परिशिष्ट म्हणून जोडावा. आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी परमुलखातील या बांधवांचे पत्ते मिळवून देण्याचे काम अंगावर घ्यावे. पुढची लोकसभा २०२९ मध्ये आहे. आयोगाला अधिसूचना काढायला, केंद्रे ठरवायला आणि एखाद्या पोटनिवडणुकीत ती चालवून पाहायला तेवढा अवधी पुरेसा आहे.